निमगड्यांच्या घरातली घरघर

गुलाबराव निमगड्यांनी आपली चांगली चालती सायकल मुश्ताकभाईला देऊन टाकली, तिच्या बदल्यात तीन मॉड्यूल घेतले, ते टॉवेलात गुंडाळले आणि भर उन्हात पायी घरी आले. येताना ते शीळ घालत होते. आता सायकल गेलेला माणूस शीळ घालत घरी येतो म्हणजे तो किती कामातून गेला असेल, हे तुम्हीच समजून घ्या.

मॉड्यूल हा शब्द उमरपेठेत तोवर कुणी ऐकला नव्हता. उमरपेठ म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलच्या अलीकडे धानाच्या बांध्यांत बसलेलं गाव. इथे लोकांना राइस मिलचा पट्टा कळतो, मोटारपंप कळतो, फार तर ट्रान्झिस्टरचे सेल उन्हात ठेवून ताजे करणं कळतं. त्र्याऐंशी साल होतं. कुठल्याशा लांबच्या रेडिओ केंद्रानं आपलं जुनं विलायती टेबल, ज्याच्यावर बसून ते आवाज कमीजास्त करतात ते, मोडीत काढलं. ते फिरत फिरत नागपूरच्या भंगारात आलं आणि रेडिओ दुरुस्तीवाल्या मुश्ताकभाईनं त्यातले तीन मॉड्यूल उचलले. पत्र्याच्या लांबट डब्या, पुढे बटणं आणि एक काटा, मागे पितळी दातांची ओळ. माइकात आलेला बारीक आवाज उचलून मोठा करायचा, एवढंच त्यांचं काम. पण मुश्ताकभाई हे सांगताना स्वतःचा आवाज एकदम खाली आणायचा.

“गुलाबभाऊ, याच्यातून कितीक मोठ्या मोठ्या लोकाइचा आवाज गेला असंन. तुमच्या मायचा आवाज याच्यातून गेला तं सोनं होईन, सोनं! बाकी तुमची मर्जी.”

मर्जी कसली? गुलाबराव तिथेच विरघळले.

कारण सगळा प्रश्न मायच्या आवाजाचा होता. बायनाबाई, म्हणजे गुलाबरावांची माय, छप्पन साली दसरा उलटल्यावर गावातल्या बायांबरोबर चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, पायी गेली होती, दीक्षा घ्यायला. गुलाबराव तेव्हा कडेवर. वाटेत त्या बायांनी एक गाणं रचलं. एकीनं एक ओवी घातली, दुसरीनं दुसरी, असं करत चांदा येईपर्यंत गाणं पुरं झालं. पुढे त्या बाया एकेक करून गेल्या आणि गाणं एकट्या बायनाबाईंकडे राहिलं. विहारातल्या बायांना पहिल्या दोन ओव्या यायच्या, पुढच्या कुणालाच येत नव्हत्या. यंदा दीक्षेच्या दिवशी विहारात ते पुरं म्हणायचं असं ठरलं होतं.

आणि इकडे बायनाबाईंचे दात चालले होते. चंद्रपूरच्या दातांच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून सांगितलं होतं की वरचे-खालचे सगळे काढावे लागतील. दात गेले की ओवी गेली. नुसती हवा बाहेर येणार. तेव्हा दात निघायच्या आत गाणं टेपात उतरलं पाहिजे, याबद्दल घरात कुणाचं दुमत नव्हतं.

दुमत होतं ते कशात उतरवायचं याबद्दल. शेजारचे लटारूभाऊ, वीज खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले, दुसऱ्याच दिवशी रेडिओ आणि टेप एकत्र असलेला आपला टू-इन-वन काखेत मारून आले. तो त्यांच्या भाच्यानं अरबस्तानातून आणला होता आणि त्याच्यावर अजून प्लास्टिक होतं.

“याच्यात भरून घे नं बाप्पा. दोन बटना दाबाच्या, झालं! हे कायले आनलं डबडं?”

कचेरीतला शिपाई आपल्या खुर्चीत बसलेला दिसला की आत आलेला साहेब जसा पाहील, तसं गुलाबरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. “लटारूभाऊ,” ते म्हणाले, “हे रेकॉर्डिंग लेकराच्या लेकराइनं आयकाचं हाय. टू-इन-वन राह्यते बाजारातली गानी आयकाले.”

“मी शाळेतून आली की मायजवळ बसून लिहून घेऊ का?” सत्यशीलाबाईंनी विचारलं. त्या गुलाबरावांच्या पत्नी. प्राथमिक शाळेत मास्तरीण होत्या आणि घरात काही सोपं सुचवायचं काम त्यांच्याकडेच असायचं.

“शब्द लिवशीन. चाल कशात लिवशीन?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलेला प्रश्न विचारता आला की गुलाबरावांना आपण जिंकलो असं वाटायचं. त्यांनी समोरच्या खोलीतला पलंग बाहेर काढला, भिंतींना गोणपाट ठोकलं, खिडकीत गादी कोंबली, दारावर खडूनं ‘स्टुडिओ’ लिहिलं आणि टेबलावर तिन्ही मॉड्यूल मांडले. मुश्ताकभाईनं तारा जोडल्या, स्वतःचं कॅसेटचं डेक आणून लावलं. बटण दाबलं. काटा हलला. आणि स्पीकरमधून आवाज आला, घर्रर्रर्र.

इथून पुढे निमगड्यांच्या घरात त्या घरघरीशिवाय दुसरा विषय राहिला नाही.

पहिला संशय अर्थातच श्रीहरीशेठच्या राइस मिलवर गेला. मिल घरासमोरच. ती सुरू झाली की निमगड्यांचा बल्ब पिवळा पडायचा आणि बंद झाली की लख्ख व्हायचा. गुलाबराव शेठकडे गेले आणि ऐन धानाच्या हंगामात त्यांना मिल घटकाभर बंद ठेवायला सांगू लागले. शेठ भला माणूस. मायच्या गाण्यासाठी म्हटल्यावर तो नाही म्हणू शकला नाही. रविवारी दुपारी मिल थांबली. मिल थांबली म्हणून बैलबंड्या थांबल्या, बंड्या थांबल्या म्हणून रस्ता थांबला, आणि अर्धं गाव निमगड्यांच्या अंगणात येऊन उभं राहिलं. सगळ्यांनी श्वास रोखून धरला. गुलाबरावांनी बटण दाबलं.

घर्रर्रर्र.

“मंग माही मिल कायले बंद पाडली बे?” श्रीहरीशेठ म्हणाला. आणि तेव्हापासून तो रस्त्यात भेटला की आधी मिलकडे पाहायचा, मग गुलाबरावांकडे.

गाव जमलं म्हणून बोभाटा झाला, बोभाटा झाला म्हणून पोस्टमास्तरांच्या कानावर गेलं. तेव्हा घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून लायसन काढावं लागे. मास्तरांनी बोलावून घेतलं.

“याच्यातून बातम्या ऐकू येतात का?”

“नाई जी.”

“मग याच्यातून बोलता येतं का?”

“बोलता येते. पन तो आवाज कुठी जात नाई.”

“कुठेच जात नाही?”

“बाजूच्या डब्यात जाते.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ऐकूही येत नाही आणि जातही कुठे नाही अशा यंत्राला कोणतं लायसन द्यावं, हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं. त्यांनी वर लिहून विचारलं. वरून उत्तर यायचं अजून बाकी आहे. मधल्या काळात सरकारनं ते लायसनच बंद करून टाकलं. पण गुलाबराव ज्या कचेरीत कारकून होते तिथे ‘बोलता येतं’ एवढं पसरायला वेळ लागला नाही. तेव्हा सूरजागडकडून जंगलातल्या दादालोकांच्या, म्हणजे नक्षलवाद्यांच्या, गोष्टी नुकत्याच यायला लागल्या होत्या. निमगडे वायरलेसवर बोलतो म्हणे, असं हेडक्लार्क म्हणाला. मग एक हवालदार चौकशीला आला, माइकात ‘हॅलो’ म्हणाला, स्वतःचा आवाज ऐकून खूष झाला, परत ‘हॅलो’ म्हणाला, दोनदा चहा प्याला आणि जाताना म्हणाला, “साहेब, आवाज चांगला आहे, पण मागं काहीतरी घरघरते.” म्हणजे आता पोलिसांतही नोंद झाली.

गुलाबरावांनी टेस्टिंगचा सपाटा लावला. कचेरी जवळच, म्हणून दुपारच्या सुट्टीत पायी यायचे, अर्धी भाकर तोंडात कोंबायचे आणि स्टुडिओत शिरायचे. “हॅलो, हॅलो. टेस्टिंग. उमरपेठ.” तार बदलायची, परत “हॅलो.” मॉड्यूल उलटा ठेवायचा, “हॅलो.” ऐकायचं, कपाळावर हात मारायचा. कॅसेटवर कॅसेट त्या हॅलोंनी भरत गेली.

रोज दुपारी, रविवारीसुद्धा, त्याच वेळेला मागच्या पडवीत बायनाबाई जात्यावर बसलेल्या असत. गावात चक्की आली, मिल आली, तरी बायनाबाईंची लाखोरीची डाळ जात्यावरच भरडली जायची. चक्कीच्या डाळीला चव नसते, हे त्यांचं म्हणणं कुणी खोडलं नव्हतं. आणि जातं फिरलं की ओवी आपोआप यायची. तिला बोलवावं लागत नसे, थांबवावं मात्र लागे. कारण गाण्याची टेस्टिंग चालू असताना घरात कुणी गाणं म्हणत असेल तर टेस्टिंग होणार कशी, हे तुम्हाला पटेल. गुलाबरावांना तर पटलंच होतं. दाराच्या फटीतून ओवीचा सूर आत आला की ते माइकासमोरूनच ओरडायचे,

“चूप वं माय! टेस्टिंग चालू हाय!”

बायनाबाई बिचाऱ्या चूप व्हायच्या. ओवी थांबायची, हात चालू राहायचा.

घरघर काही जाईना. मग लटारूभाऊंनी जन्मभराचं ज्ञान बाहेर काढलं. टू-इन-वनचा अपमान ते विसरले नव्हते, पण विजेचा प्रश्न आला की त्यांना राहवत नसे.

“तुह्या घराले अर्थिंग कुठी हाय? अर्थिंग नाई म्हनून घरघरते. खड्डा खंदाचा, कोयसा टाकाचा, मीठ टाकाचं, पत्रा गाडाचा. अन् जागा ओली पायजे.”

ओली जागा घरात एकच होती. मागच्या पडवीत, मोरीच्या बाजूला. बरोबर तिथेच, जिथे जातं रोवलं होतं.

जातं थोडं सरकवू, असं ठरलं. बायनाबाई म्हणाल्या, “ते माह्या सासूनं बसवलं हाय रे, सरकत नाई.” गुलाबराव म्हणाले, “माय, तुह्याच गान्यासाठी करून राह्यलो नं!” लटारूभाऊंनी लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा जातं सरकलं, म्हणजे अर्धं सरकलं आणि अर्धं जागच्या जागी राहिलं. वरच्या दगडाचे दोन तुकडे झाले होते. बायनाबाईंनी खाली बसून दोन्ही तुकडे जोडून पाहिले, परत वेगळे केले आणि आत गेल्या.

“नवं आनून देतो, माय. मंडईत भेटते,” गुलाबराव दारातून म्हणाले.

पण अर्थिंग झालं! कोळसा पडला, मीठ पडलं, पत्रा गाडला, मॉड्यूलला तार जोडली आणि दुपारी गुलाबरावांनी बटण दाबलं तर काय सांगावं महाराज, स्पीकरमध्ये नुसती शांतता. घरघरीचा मागमूस नाही. मुश्ताकभाईनं लटारूभाऊंना मिठी मारली. लटारूभाऊ त्या दिवशी मिलसमोरून असे चालत गेले की श्रीहरीशेठनं त्यांना खुर्ची दिली.

आता फक्त मायनं बसायचं आणि गायचं. बायनाबाई नवं लुगडं नेसून आल्या, माइकासमोर पाटावर बसल्या. गुलाबरावांनी हात वर केला, खाली आणला. टेप फिरू लागला.

बायनाबाई बसून राहिल्या.

“म्हन नं वं.”

“येत नाई.”

“काऊन येत नाई? रोज तं येते!”

“हात रिकामे हायेत नं.” त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. “जातं फिरलं की ते येते. अशी बसली तं नाई येत.”

मग गुलाबरावांनी त्यांच्या हातात खलबत्ता दिला, नंतर सूप दिलं, शेवटी सायकलचं हँडल द्यावं असंही त्यांच्या मनात आलं, पण सायकल नव्हती. बायनाबाईंनी पहिली ओवी कशीबशी म्हटली आणि तीही अडखळत. मॉड्यूलच्या उघड्या तारांकडे, लाल दिव्यांकडे त्यांची नजर सारखी जात होती.

“मले याचं भेव लागते,” त्या म्हणाल्या. “हे उघडं आतडं पाहून माहा आवाजच फुटत नाई. पेटीत तरी घाल त्याले.”

गुलाबरावांना एकदम उजेड पडला. आपण मायला दोष देत होतो, दोष होता पेटीचा! विलायतेत हे मॉड्यूल काय असे उघडे नागडे बसत असतील? पेटी पाहिजे. आणि पेटी सागाचीच पाहिजे, यावर मुश्ताकभाई, लटारूभाऊ आणि स्वतः गुलाबराव यांचं पहिल्यांदा एकमत झालं. सत्यशीलाबाईंचं म्हणणं होतं की पेटीच्या आधी जातं आणावं. ते कुणी ऐकलं नाही.

सत्यशीलाबाईंचा भाऊ चैतू आलापल्लीला सुतारकाम करायचा. आलापल्ली म्हणजे सागाचं माहेर. चैतूनं डेपोतून पावतीनं फळ्या घेतल्या, गुलाबराव मॉड्यूल घेऊन गेले, आणि चैतूनं तिन्ही मॉड्यूल मापात बसवून, स्क्रू आवळून, झाकण लावून अशी देखणी पेटी केली की गुलाबराव तिच्यावरून हात फिरवत बसले. प्रवासात हलू नये म्हणून मॉड्यूल आतच ठेवले. पेटी बसच्या टपावर चढली. गुलाबराव खाली खिडकीशी बसले. पुन्हा शीळ घालत होते, असं चैतू नंतर म्हणाला.

वाटेत नाका लागला. जंगलात नाके असतात आणि नाक्यावर टपावरचं लाकूड पाहिलं जातं. दसरू नाकेदार शिडीनं वर चढला, खाली उतरला आणि खिडकीशी आला.

“वर साग कोनाचा हाय?”

“साग नाई जी, पेटी हाय.”

“पेटी कायची हाय?”

“सागाची.”

“मंग साग लाकूड नोहे का?” दसरूनं शांतपणे विचारलं. तो रागावणारा माणूस नव्हता. “रहदारी पास दाखवा.”

गुलाबरावांनी पावती दाखवली. दसरूनं ती उलटसुलट वाचली.

“ही पावती फळ्याइची हाय. फळ्या कुठी हायेत?”

“त्याच फळ्या नं त्या! पेटीत हायेत!”

“म्हंजे फळ्या पेटीत भरल्या?”

“नाई हो, फळ्याइची पेटी केली!”

“मंग पेटीची पावती दाखवा.”

आता सांगा, पेटी जर फर्निचर असेल तर तिची पावती नव्हती, आणि लाकूड असेल तर पास नव्हता. मागे बसमधली माणसं ओरडू लागली. कंडक्टरनं घंटी मारली. पेटी उतरली, गुलाबराव उतरले, बस गेली.

“आत रेडिओ केंद्राचं सामान हाय,” गुलाबराव हात जोडून म्हणाले. “ते तेवढं काढू द्या.”

“जप्तीचा माल उघडता येत नाई, साहेब.” दसरूला खरंच वाईट वाटत होतं. त्यानं गुलाबरावांना सावलीत बसवलं, पाणी दिलं. मग आत गेला आणि हातोडा घेऊन आला.

जप्त केलेल्या लाकडावर हातोड्यानं ठसा मारायचा असतो. हातोड्याच्या तोंडावर अक्षरं कोरलेली असतात, ती लाकडात उमटली की माल सरकारी झाला. त्यात खोट काही नाही. ओंडक्यावर ठसा मारतात तेव्हा ओंडका काही बोलत नाही. पण नियम असा की ठसा प्रत्येक नगावर हवा. आणि दसरू नाकेदार नियमाचा पक्का. त्यानं पेटीभोवती फिरून नग मोजले. झाकण एक नग. तळ एक नग. बाजू, पाठ, मधल्या पट्ट्या. गुलाबराव उठून उभे राहिले.

“अहो... अहो दसरूभाऊ...”

हातोडा उचलून खाली आला. आतून काच फुटल्यासारखा आवाज झाला.

“मजबूत हाय लाकूड,” दसरू कौतुकानं म्हणाला आणि पुढच्या नगाकडे वळला.

गुलाबरावांनी डोळे मिटून घेतले. पण कान कसे मिटणार? ज्या मॉड्यूलमधून एकेकाळी मोठमोठ्या लोकांचे आवाज अदबीनं गेले होते, त्यांचे शेवटचे आवाज ते नाक्यावरच्या बाकड्यावर बसून ऐकत राहिले. पेटी उलटी करून तळालाही ठसा मारला, तेव्हा त्यांना रडू आलं. ते चारचौघांत, चहावाल्यासमोर रडले, आणि चहावाल्यानं पंच म्हणून सही करताना त्यांना फुकट चहा दिला.

त्यानंतर वनखात्याच्या साहेबांपुढे पेशीसाठी, म्हणजे सुनावणीसाठी, हेलपाटे सुरू झाले. साहेब दौऱ्यावर, मग साहेब रजेवर, मग कागद खाली, मग कागद वर. शेवटी साहेब भेटले. त्यांनी पेटी पाहिली, ठसे पाहिले आणि चकित होऊन म्हणाले, “हे तर फर्निचर आहे! याला ठसा कशाला मारला?” पेटी लगेच सोडण्याचा हुकूम झाला. साहेबांनी हात मिळवला.

गुलाबराव पेटी घेऊन घरी आले तेव्हा बायनाबाई पलंगावर बसल्या होत्या. तोंडावर पदर होता.

“काय झालं?”

सत्यशीलाबाईंनी सांगितलं. तुम्ही पेशीला होता, मायला ठणका सहन होईना, तोंड सुजलं, म्हणून चंद्रपूरला नेलं. सगळे काढले.

बायनाबाईंनी पदर बाजूला केला नाही. गुलाबरावांनी पेटी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. आतून काहीतरी खुळखुळलं.

“सगळे?” त्यांनी विचारलं.

“सगळे.”

मुश्ताकभाईनं पेटी उघडून पाहिली आणि लगेच बंद केली. “खल्लास,” तो म्हणाला. “गुलाबभाऊ, सायकल परत घेऊन जा तुमची.” पण सायकल त्यानं कुणाला तरी देऊन टाकलेली होती, ते त्याला बोलून झाल्यावर आठवलं.

दीक्षेचा दिवस जवळ येत चालला. विहारातल्या बाया येऊन विचारून गेल्या. बायनाबाईंनी एकदा म्हणून पाहिलं, शब्दाच्या जागी वारा आला, बाया एकमेकींकडे पाहू लागल्या आणि त्या उठून आत गेल्या. परत कुणी विचारलं नाही. गुलाबराव कचेरीत फायलीवर भलत्याच ठिकाणी सही करू लागले. लटारूभाऊ दारातून जाताना टू-इन-वनबद्दल काही बोलत नसत, आणि ते न बोलणं गुलाबरावांना बोलण्याहून झोंबायचं.

मुश्ताकभाईला आपलं डेक परत हवं होतं आणि रिकाम्या कॅसेटाही. रिकाम्या म्हणजे टेस्टिंगच्या. पुसून परत वापरू, असा त्याचा हिशेब. पुसण्याआधी त्यानं एक सहज लावून पाहिली. मग मशीनजवळ कान नेला. मग हाक मारली, “गुलाबभाऊ, इकडे या. वैनी, तुम्ही बी या.”

“हॅलो, हॅलो. टेस्टिंग. उमरपेठ,” गुलाबरावांचा आवाज. मागे ती घरघर.

“आयकून राह्यले का?” मुश्ताकभाई म्हणाला. “ही घरघर लायनीची नोहे. ही थांबते, परत लागते. दाने टाकते कोनी, तवा थांबते. भाऊ, हे तं जातं हाय!”

म्हणजे मिल बंद पाडली ती उगाच, खड्डा खणला तो उगाच, आणि अर्थिंगनं घरघर गेली ती अर्थिंगनं गेलीच नव्हती. सब्बलीनं गेली होती. पण ते मनात पुरतं उतरायच्या आतच दुसरं काही ऐकू आलं. दाराच्या फटीतून आलेलं, लांबचं, पण विलायती मॉड्यूलनं अदबीनं उचललेलं, अक्षर न् अक्षर स्वच्छ,

“जाते मी चांद्याले, उभ्या धानातून,
कडेवर गुलाब माहा, झोपला उनातून...”

“हॅलो! हॅलो!”

“अंधारी नदीले पानी, कमरेच्या वर,
डोईवर लेकरू माहं, पाय रेतीवर...”

बायनाबाई आतून आल्या आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या. ओव्या एकामागून एक येत होत्या, अंगात ताकद असलेल्या, तोंडात दात असलेल्या बाईच्या. मधेच हॅलो यायचा, तार बदलल्याचा खडखडाट यायचा, ओवी त्याला बाजूला सारून पुढे जायची. आणि मग शेवट आला.

“चांदा दिसला बाई, उजेड फाकला,
डोये उघडून लेक, मायशी बोलला...”

“चूप वं माय! टेस्टिंग चालू हाय!”

नुसती घरघर उरली.

गुलाबरावांनी हाताला लागल्या तितक्या सगळ्या कॅसेटा लावून पाहिल्या. घरातल्या घरात धावत सुटले. एकीत ओवी सुरुवातीलाच तोडलेली, दुसरीत मधे. सगळ्यांत पुढे गेलेली तीच, आणि ती तिथेच थांबलेली. पुढची ओवी कुठल्याच टेपात नव्हती. स्वतःच्या आवाजानं आपण आपल्याच मायचं तोंड दाबलंय, आणि तेही इतकं स्वच्छ, इतकं उत्तम रेकॉर्ड झालंय! ते डोकं धरून बसले.

विहारातल्या बायांनी कॅसेट ऐकून गाणं बसवलं. लटारूभाऊंचा टू-इन-वन त्यासाठी रोज विहारात जायचा, प्लास्टिकसकट. दीक्षेच्या दिवशी दिवे लागले, वंदना झाली, बाया रांगेनं उभ्या राहिल्या. गुलाबराव मागच्या भिंतीला, चपलांजवळ बसले होते. ओव्या सुंदर झाल्या. शेवटची आली. ‘लेक मायशी बोलला’ म्हणून बाया क्षणभर थांबल्या आणि मग, तालीम करताना कॅसेट अशीच कानात बसली होती त्याला कोण काय करणार, साऱ्या जणींनी एका सुरात म्हटलं,

“चूप वं माय! टेस्टिंग चालू हाय!”

विहार हसून हसून लोटपोट झाला. श्रीहरीशेठ तर उठून उभा राहिला. पोरं ‘परत, परत’ म्हणून ओरडू लागली, आणि बायांनी परत म्हटलं.

घरी जाताना मायलेक दोघेच होते. सत्यशीलाबाई बायांबरोबर मागे राहिल्या होत्या. विहार गावाच्या एका टोकाला, घर मिलच्या रस्त्यावर दुसऱ्या टोकाला, आणि सायकल नाही. दोघे गावाबाहेरच्या बांधावरून चालत राहिले.

“माय,” गुलाबराव शेवटी म्हणाले, “त्या ओवीत पुढं काय होतं?”

बायनाबाईंनी पदर तोंडावरून काढला. दात नसल्यानं शब्द सांडत होते, तरी त्यांनी ते एकेक करून सांगितले.

“लेकरू म्हनते, माय, थकली का वं? ठेव मले खाली, मी चालतो.”

गुलाबराव जागीच थांबले. “मी उद्या जाऊन सांगतो बायाइले. बदलवून घेतो.”

“कायले? लोकं हासले नं. राहू दे तसंच.”

ते बांधावरून पुढे निघाले. वाट चढाची होती आणि माय हळू चालत होती.

“थकली का वं, माय?” गुलाबरावांनी विचारलं.

“चूप राय,” बायनाबाई म्हणाल्या आणि त्यांचा हात धरून चालू लागल्या.